पडद्यावरचे कोटणीस आणि चीनमधले कोटणीस

१० ऑक्टोबरला तलासरी परिसरात १९४५च्या वारली उठावातल्या हुतात्म्यांचं स्मरण होतं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मही १० ऑक्टोबरचाच, १९१०चा. म्हणून इथल्या शाळेत इतिहास शिकवताना मी त्या सुमारास कोटणीसांचीही गोष्ट सांगत असे. एका वर्षी तपासायला घेतलेल्या वह्यांत निम्म्या मुलांनी लिहिलं होतं, ‘चीनमध्ये प्लेगने त्यांचा मृत्यू झाला.’ लाल पेन उचललं आणि थबकलो. हे मुलांना सांगितलं होतं मीच!

मला ते कुठून कळलं? व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटातून. त्यात प्लेगची साथ येते, डॉक्टर तिच्यावर इलाज शोधतात आणि स्वतःच तिच्या तावडीत सापडतात. जपानी सैनिकही त्यांना पकडतात. प्लेगचा तो प्रसंग मनात असा ठसला, की मृत्यूचं कारणही तेच, असं मी धरून चाललो.

खरी हकीकत अशी. जपानने आक्रमण केल्यावर चीनने मदत मागितली आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे. १९३९मध्ये पथक येनानला पोहोचलं. पुढे कोटणीस उत्तर चीनमधल्या आघाडीवर गेले. १९४०च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. १९४१मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, ते अपस्माराने. म्हणजे आपण ज्याला फिट येणं म्हणतो, त्याने.

चित्रपटाच्या शेवटी त्यांची पत्नी बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. प्रत्यक्षात क्वो छिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात त्या पुढे अनेकदा येऊन गेल्या, पण २०१२ साली त्यांचं निधन झालं ते चीनमध्येच. मुलाचं नाव होतं इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

शांतारामबापूंना दोष द्यावा, असं मला वाटत नाही. कोटणीसांना जाऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, लोकांना स्फूर्ती हवी होती. नाटक-सिनेमाला थोडी मोकळीक द्यावीच लागते. चिनी माणसं पडद्यावर हिंदी बोलतात, म्हणून कुणी फसत नाही. आपण फसतो ते खऱ्या नावाच्या माणसाला खोटा प्रसंग चिकटतो तेव्हा. तो वेगळा काढायला पडद्यावर काही खूण नसते. ती खूण दाखवणं हे शिक्षकाचं काम, आणि तिथे मी चुकलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. डॉक्टरांना फिट येत असत, तरी ते शस्त्रक्रिया करत राहिले, हे सांगितलं. वर्ग एकदम गप्प झाला. कारण आमच्याच वर्गातल्या एका मुलीला फिट येत असे. कुणी तिला कांदा हुंगवायचं, कुणी भगताकडे न्या म्हणायचं. तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. त्या दिवशी तिने हात वर करून विचारलं, “सर, खरंच डॉक्टरला पण यायची?”

“हो,” म्हटलं.

मधल्या सुट्टीनंतर पाहिलं, तर तिच्या शेजारी एक मैत्रीण येऊन बसली होती. पडद्यावरचा प्लेग खरा मानून मी या पोरीचा केवढा मोठा आधार दडवून ठेवला होता! मग लाल पेन घेतलं आणि सगळ्यांच्या आधी माझ्याच टाचणवहीतली ती ओळ खोडली.