जीपचा जाम झालेला आंस

खरिपाच्या तोंडावर आमच्या मळ्यांतील जुन्या जीपचें मागील डावें चाक कुरकुरूं लागलें. बाजारांतून खत घेऊन आल्यावर तुंब्यास हात लावावा तों चटका बसे. मिस्त्र्यानें पाहून सांगितलें, "आंस जाम झाला आहे, निघावयाचा नाहीं, वंगण भरा आणि पेरणी उरकून घ्या." हा सल्ला आम्हीं मानला नाहीं. ज्या सभासदांकडे असल्या गाड्या आहेत, त्यांच्या उपयोगाकरितां झालेली हकीकत येथें देत आहें.

१९४५ सालीं अमेरिकेंतील विलीस कंपनीनें लष्करी जीपवरून शेतकऱ्यांकरितां मुलकी जीप काढली. त्याच वळणाच्या गाड्या पुढें महिंद्र कंपनीनें आपल्याकडे बांधल्या. लष्करी गाडींत मागील आंसाचा दांडा चाक फिरविण्यापुरताच असे. गाडीचा भार बाहेरच्या नळीवर पडे. मुलकी गाडींत मात्र दांडा चाकही फिरवितो आणि भारही वाहतो. त्याचें बाहेरचें टोंक निमुळतें असून त्यावर तुंबा घट्ट बसविलेला असतो. मध्यें एक चावी व वरून नट. असा दांडा मोडला म्हणजे चाक तुंब्यासकट निसटून जातें. मागें ट्रेलरमध्यें बायकापोरें बसलेलीं असतांना हें घडलें तर काय होईल, तें सांगावयास नको.

ओढ्याच्या पाण्यांतून गाडी नेहमीं जाऊं लागली म्हणजे झिजलेल्या सीलमधून पाणी आंत शिरतें, वंगण धुवून जातें आणि गंज धरतो. हा गंज दोन ठिकाणीं अडवितो: प्रथम तुंब्याच्या निमुळत्या बैठकींत, आणि नंतर नळीच्या तोंडाशीं बेअरिंगच्या कड्यांत.

आम्हीं गाडी सपाट जागीं लावून पुढील चाकांस दगड दिले. चाक जमिनीवर असतांनाच, ब्रेक दाबून धरून, पिन काढली आणि लांब दांड्याच्या पान्यानें नट सैल केला. नट दोनतीन आटे फिरवून तसाच ठेवावा, समूळ काढूं नये. तुंबा सुटतो तो बंदुकीसारखा आवाज करून, आणि नट नसेल तर समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. मग गाडी उचलून लांकडी ठोकळ्यांवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीं खालीं शिरूं नये), चाक उतरलें आणि ब्रेकचे जोडे आंत घेतले.

येथें मिस्त्र्यानें घण उचलला होता. त्यास थांबविलें, कारण या गाडींत डाव्याउजव्या दांड्यांचीं आंतील टोंकें मधोमध एका ठोकळ्यास टेकलेलीं असतात. एका बाजूस हाणलेला घाव ठोकळ्यास व पलीकडच्या बेअरिंगासही भोंवतो. शिवाय टोंकाचे आटे चेपतात तें वेगळेंच. पुलर हवा तो चाकाच्याच बोल्टांवर नटांनीं आवळावयाचा, तीन पायांचा. ड्रमच्या कांठास आंकडे लावल्यास ड्रम वांकडा होतो किंवा फुटतो. मधला स्क्रू आवळून पान्याच्या दांड्यावर हातोड्याचे ठोके दिले. तुंबा हालेना. तेव्हां नुसत्या तुंब्यास चोहोंकडून ब्लो-लॅंपची आंच दिली. दांड्यास आंच लागूं दिली नाहीं. तुंबा तापून फुगतो, दांडा तितका फुगत नाहीं. लाल मात्र करूं नये. तरीही कांहीं झालें नाहीं. ताण तसाच ठेवून आम्हीं जेवावयास गेलों, आणि पहांटे गोठ्यांत असतांना तो बार ऐकूं आला. घाई न केल्याचें इतकें रोख फळ मला सरकारी नोकरींत कधीं मिळालें नव्हतें.

पुढचें काम बेअरिंगचें. चावी आधीं काढून घ्यावी, नाहींतर ती सील कापते. ब्रेकची नळी सोडून, पाठीमागील पत्र्याचे बोल्ट काढले. त्याखालीं पातळ चकत्या असतात; दांड्यास आंतबाहेर किती ढील रहावी तें त्यांच्या संख्येवर ठरतें. त्या मोजून, तारेंत ओवून, कोणत्या बाजूच्या तें वहींत टिपून ठेवावें. कड्याभोंवतीं घासलेट रात्रभर मुरूं दिलें. लोहाराकडून एका सळईच्या टोंकास जुना नट जोडून घेतला, सळईवर सरकतें जड वजन घातलें व दुसऱ्या टोंकास अटक केली. नट दांड्यावर बसवून वजन बाहेरच्या बाजूस झटक्यानें ओढलें. दहाबारा झटक्यांत दांडा बेअरिंगसकट सरळ बाहेर आला. पहारीनें उचकटल्यास नळीचें तोंड बिघडतें. खालीं घमेलें ठेवावें, तेल सांडतें.

दांडा घासलेटनें धुवून उन्हांत पाहिला, तों चावीच्या खांचेच्या कोपऱ्यापासून केसासारखी एक बारीक रेघ निघून दांड्याभोंवतीं वळलेली दिसली. नखास लागत होती. असल्या दांड्यास ही जागाच नाजूक. मिस्त्री ती रेघ पाहून कांहीं बोलला नाहीं. जोडकाम करून तो पुन्हां वापरावा असेंही एकानें सुचविलें. तें ऐकण्यासारखें नव्हतें.

नवा दांडा, बेअरिंग व सील आणून, त्याच चकत्या घालून जोडणी केली आणि ढील तपासली. बैठकीचा निमुळता भाग कोरडा व स्वच्छ पुसूनच तुंबा चढविला. तेथें वंगण लावूं नये. नट पूर्ण आवळून नवी पिन घातली, ब्रेकमधील हवा काढली, आणि बाजारची एक खेप होतांच नट पुन्हां तपासला. तो पाऊण आटा फिरला.