ट्रॅकलाही श्वास घेऊ द्या!

गॅदरिंग जवळ आलं की ग्रुपवर मेसेज पडतो, 'ट्रॅक कोण करणार?' व्हायोलिन, चेलो, फ्रेंच हॉर्न, टिंपनी, सगळं आता लॅपटॉपात मावतं. म्यूजस्कोअरसारखं सॉफ्टवेअर तर फुकट आहे. तुम्ही रात्र जागून अख्खा ऑर्केस्ट्रा उभा करता आणि तो वाजतो शाळेच्या कवायतीसारखा! सूर बरोबर, ताल बरोबर, पण जीव नाही.

पहिला संशयित टेम्पो (सामान वाहणारा नव्हे, लयीचा). सुरुवातीला ९० बीपीएम टाकलं की शेवटपर्यंत ९०च. माणसं असं वाजवत नाहीत. मुंबईत एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल ऐकायला मिळाली, तर कंडक्टरच्या हाताकडे बघा. ओळ संपताना तो किंचित रेंगाळतो, पुढची ओळ उचलताना जरा पुढे सरकतो. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी टेम्पो ट्रॅक असतो. कडवं संपताना ९०चे ८७ करा, मग परत ९०. बास, एवढंच. एकदम ७०वर आणलंत तर स्पीडब्रेकरवर आपटल्यासारखं वाटेल. शेवटची ओळ मात्र खुशाल संथ होऊ द्या.

वेळ असेल तर क्रमच उलटा करा. गाणाऱ्या मैत्रिणीला आधी नुसत्या तानपुऱ्यावर गाऊ द्या, ते रेकॉर्ड करा आणि तिच्या मात्रांवर टेम्पोच्या खुणा बसवा. किचकट काम आहे, एक संध्याकाळ जाईल. पण मग स्टेजवर तिला ट्रॅकच्या मागे धावावं लागणार नाही.

आता डायनॅमिक्स. इथे आपण सगळे एकच करतो, व्हॉल्यूम वर ढकलतो. पण व्हायोलिन जोरात वाजवलं की त्याचा आवाज फक्त मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो, तो जास्त धारदार होतो. म्हणून चांगल्या साउंड लायब्ररीत तेच स्वर हळू आणि जोरात असे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले असतात. बऱ्याच लायब्रऱ्यांत या थरांमधून फिरवणारा कंट्रोल म्हणजे मॉड्युलेशन व्हील, अर्थात सीसी १. सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, त्यावर बारीक हात फिरवायला. दोन्हींची पट्टी ० ते १२७. लांब स्वरांवर ही रेष सरळ ठेवू नका, फुगवा आणि उतरवा. पिझिकातो किंवा टिंपनीसारख्या तुटक आवाजांना हे फारसं लागत नाही, तिथे प्रत्येक स्वराची व्हेलॉसिटी बदला. आणि १२७ गाण्यात एखाद्याच ठिकाणी वापरा. पहिल्याच कडव्यात सगळी दारू उडवली, तर शेवटाला फटाका कुठून आणणार?

हेडफोनवर सुंदर वाटणारा हळुवार इंटरल्यूड हॉलमधल्या पंख्यांच्या घरघरीत गडप होतो. म्हणून एकदा हॉलच्याच स्पीकरवर ऐका आणि नाजूक जागा थोड्या वर उचला.

आणखी एक जुगाड. डाव्या चॅनेलवर फक्त क्लिक, उजव्यावर संगीत. क्लिक ढोलकीवाल्याच्या इअरफोनमध्ये, संगीत स्पीकरला. फक्त साउंडवाल्या दादांना दोनदा बजावा, 'डावा चॅनेल बाहेर सोडू नका', नाहीतर अख्खं सभागृह टकटक ऐकत बसेल.