भुईमुगांतील हुमणी व औषधाची परीक्षा

भुईमुगाचें पीक भरांत असतां मधूनच एखादें झाड सुकूं लागावें, हात लावतांच तें मुळांवांचून सहज वर यावें, आणि खालच्या मातींत पांढरी, वांकडी अळी सांपडावी, हा अनुभव कृष्णा-वारणेकांठच्या शेतकऱ्यांस नवा नाहीं. हीच हुमणी. तिजवर औषध कोणतें, असें मला पुष्कळजण विचारतात. त्याआधीं माझी फजिती सांगतों.

एके सालीं मीं शेताच्या आंतल्या अर्ध्या भागांत औषध चोळलेलें बियाणें पेरलें व बांधाकडील अर्धा भाग तसाच ठेविला. आंतील पीक उभें राहिलें, बांधाकडील वाळलें. मोठ्या आनंदानें मीं शेजाऱ्यांस तें औषध घेण्यास सांगितलें व त्यांनीं त्यांत पैसा घातला. पुढील सालीं औषध बांधाकडे वापरलें, तों पुन्हां बांधाकडीलच पीक गेलें! बांधावर बाभळी व कडुनिंब आहेत. वळवाचा पाऊस पडला कीं भुंगेरे सायंकाळीं जमिनींतून निघून असल्या झाडांचा पाला खातात, आणि माद्या जवळच्या जमिनींत अंडीं घालतात. म्हणजे मीं परीक्षा घेतली ती औषधाची नव्हे, बाभळीच्या अंतराची. पीककापणीचा वाफा नजरेनें न निवडतां चिठ्ठीनें निवडावा, हें सरकारी कागदांत आयुष्यभर लिहिणाऱ्यास तें उमजूं नये, याची अजून लाज वाटते.

आतां मी असें करतों. बांधापासून शेताच्या आंतपर्यंत जाणारे सारख्या रुंदीचे आठ पट्टे आंखतों, म्हणजे झाडांची जवळीक प्रत्येकास सारखीच मिळते. त्यांच्या दोन-दोनांच्या जोड्या धरून प्रत्येक जोडींत औषध कोणत्या पट्ट्यास, हें चिठ्ठी टाकून ठरवितों. बियाणें, खत, पेरणीचा दिवस सर्वांस एकच. उगवण झाल्यावर झाडें मोजतों; कारण औषधानेंच उगवण मारली, तर तो दोषही दिसला पाहिजे. भाद्रपदांत प्रत्येक पट्ट्यांत ठराविक मापाचे खड्डे हातभर खोल खणून अळ्या मोजतों. काढणीस पट्टेवार शेंगा वाळवून तोलतों.

वेळेचाही विचार हवा. लहान अळी प्रथम कुजका पाला व बारीक मुळें खाते. खरा नाश तिसऱ्या अवस्थेंतील जाड अळी करते, आणि तिला मारणें फार अवघड. झाडें सुकल्यावर औषध ओतून ‘गुण नाहीं’ म्हणणें हा औषधावर अन्याय आहे.

जुनीं नांवें विसरावींत. बी. एच. सी. भुकटीवर 1997 सालीं बंदी आली. फोरेटचा वापर 2020 अखेर बंद झाला. कोणाच्या कोठारांत जुना डबा असेल तर तो परीक्षेसही वापरूं नये. क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड बियाण्यास चोळावयाचें तर डब्यावर भुईमुगाचा उल्लेख पाहून, तेथें दिलेल्या मापानेंच व हातमोजे घालून चोळावें; जिवाणूखत लावणें झाल्यास औषध सावलींत सुकल्यावर, पेरणीच्या तोंडीं लावावें. मेटारायझियम नांवाची बुरशी शेणखतांतून देतां येते. तिला ओलावा लागतो व गुण सावकाश येतो, म्हणून तिचे पट्टे वेगळे ठेवावेत. यंदा माझ्या शेतांत तेच पट्टे आहेत. शेंगा तोलल्यावर आंकडे, चांगले येवोत वा वाईट, याच मासिकाकडे पाठवीन.