बोर्डावरचा माणूस आपल्या लाइनवरचा दिसू दे!

आजचा धंदा जरा वेगळा आहे. भांडवल कमी लागतं, नजर मात्र तयार लागते.

चाकण, भोसरी, तळवड्यातल्या कुठल्याही कंपनीत गेलात तर गेटवर सेफ्टीचा बोर्ड असतोच. त्यावरचा माणूस नीट बघा. गोरापान, सहा फूट, पिवळं हेल्मेट, परदेशातल्या बांधकामावरून उचलून आणलेला. आता त्याच बोर्डाखालून शिफ्टला जाणारी माणसं बघा. लातूर-नांदेडची पोरं, बिहार-ओडिशाहून आलेले कामगार, ओढणी खोचून वर ॲप्रन चढवणाऱ्या मुली, पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा लावणारे सुपरवायझर काका. यातलं बोर्डावर कोणीच नाही. कामगाराला मराठी किंवा हिंदी वाचता येईलच असं नाही, म्हणून तर चित्र लावतात. आणि चित्रातला माणूसच त्याला परका वाटला, तर तो बोर्डाकडे बघणार कशाला?

ही माणसं काढून देणं हे फ्रीलान्स इलस्ट्रेटरचं काम आहे, आणि आपल्या पट्ट्यात त्याला जागा आहे.

कोणी म्हणेल, असल्या चित्रांना पैसे कोण देतं? बालभारतीचं उदाहरण घ्या. २०१९ साली दुसरीची नवी पुस्तकं आली, तेव्हा त्यातल्या चित्रांची बातमी झाली. आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडतायत, बाई डॉक्टर आहे, पुरुष कपड्यांना इस्त्री करतोय. धडे लिहिणाऱ्यांइतकाच चित्रं काढणाऱ्यांचाही तो निर्णय होता, आणि ती पुस्तकं राज्यभरातल्या घराघरात गेली.

त्याही आधीपासून हे काम शांतपणे करणारं नाव म्हणजे पुण्याच्या माधुरी पुरंदरे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पुढे पॅरिसला गेल्या. मुलांसाठी लिहायचं आणि चित्रंही स्वतःच काढायची, अशी त्यांची पद्धत. ‘राधाचं घर’, ‘यश’, ‘चित्रवाचन’ ही पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली. त्यातली माणसं तुमच्या-माझ्या घरातली वाटतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धंद्याच्या नजरेने मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट: त्यांनी बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं, अनुवाद केले. चित्रांवर एकदम सगळा संसार टाकायचा नसतो. नोकरी, क्लास, दुकान, काहीतरी बाजूला चालू असू द्या. पहिली दोन-तीन वर्षं तर नक्कीच.

आता मोठ्या बाजाराकडे बघू. मोबाइलमधल्या इमोजींना त्वचेचे वेगवेगळे रंग आले २०१५ मध्ये. २०१९ च्या यादीत व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय आले, आणि त्याच यादीत साडी, रिक्षा आणि पणतीसुद्धा. म्हणजे जगभरच्या कंपन्यांनाही ‘सगळी माणसं दिसली पाहिजेत’ हे पटलेलं आहे. पण त्यांचा कृत्रिम पाय धातूचा, यंत्रासारखा. आपल्याकडे जयपूर फूट लावलेला माणूस चप्पल घालतो, मांडी घालून बसतो, शेतात अनवाणीही चालतो. हा फरक परदेशात बसलेल्या चित्रकाराला कळणार नाही. तुम्हाला कळतो. तुमचा माल तोच.

कारण साधी माणसं आज फुकट मिळतात. ओपन पीप्स, अनड्रॉ अशा साइटवरून कोणीही डाउनलोड करतं, आता एआय पण आहे. ‘हसणारा माणूस, हातात लॅपटॉप’ हे विकायला जाल तर रेट पडलेलेच राहणार.

मग विकायचं कुणाला? कायदा तुमच्या बाजूने आहे. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते, आणि समितीची माहिती व शिक्षेची तरतूद सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, आणि कंपन्यांना समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. हे सगळं बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरातल्या प्रिंटआउटवर लटकलेलं असतं. एचआर मॅडमना तीन नमुने दाखवा, त्यांच्याच कंपनीच्या युनिफॉर्ममधली माणसं काढून. त्याआधी शिफ्ट सुटताना गेटसमोरच्या टपरीवर बसा, चहा घ्या, माणसं कशी उभी राहतात, डबा कसा धरतात ते बघा. दिव्यांग माणूस काढताना एखाद्या दिव्यांग कामगाराला चित्र दाखवून विचारा. आणि त्याला मशीनवर काम करताना काढा, कोणाच्या तरी मदतीची वाट बघताना नको.

रेटचं गणित करू. समजा महिन्याचा खर्च ३०,००० आणि बिल लावता येतील असे दिवस १५. म्हणजे दिवसाला २,००० सुटलेच पाहिजेत. सहा माणसांचा संच, प्रत्येकाच्या चार पोझ, दुरुस्त्यांसकट १२ दिवस: २४,०००. हेच ‘चित्राला ३००’ असं सांगितलंत तर २४ चित्रांचे हातात ७,२००. म्हणून संचाचा रेट सांगा, दोन दुरुस्त्या त्यात धरा, तिसरीला वेगळे पैसे. निम्मा ॲडव्हान्स.

हक्कांचं कोटेशनमध्येच लिहा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीचं लागतं. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोकरीत असताना काढलेलं चित्र आणि पैसे देऊन काढून घेतलेलं पेंटिंग यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून ‘कंपनीच्या आतल्या वापरापुरतं, इतकी वर्षं’ असं स्पष्ट शब्दात टाका. उद्या तीच माणसं त्यांना जाहिरातीत वापरायची असतील, तर नवं बिल.

आणि उद्यम नोंदणी आजच करा, ती फुकट आहे. आपल्याकडच्या कंपन्या ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणण्यात पटाईत. पण नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा. अकाउंट्सवाल्यांची नजर सगळ्यात आधी त्यावरच जाते.