पेटीतलं हवामान

मार्च 1775 मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज पाद्र्यानं एक धडधाकट उंदीर काचेच्या हंडीखाली ठेवला. हंडीत नेहमीची हवा नव्हती. पाऱ्याचं लाल भस्म तापवून मिळवलेला वायू होता, ज्याला पुढे ऑक्सिजन हे नाव पडलं. साध्या हवेत तो उंदीर पाव तास तगला असता, असा प्रीस्टलीचा अंदाज. इथे तो अर्धा तास तगला. मेला म्हणून बाहेर काढला, तर शेकोटीच्या उबेनं पुन्हा हलायला लागला. खरी गंमत पुढेच आहे. हंडीत उरलेली हवा तपासली, तर ती साध्या हवेपेक्षाही सरस निघाली! म्हणजे उंदीर कोसळला तेव्हा ऑक्सिजन संपलेला नव्हताच. एक तर तो गारठला होता. शिवाय त्यानंच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट नव्हती.

अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्यात काय, न्यूमोनियानं धापणारं कुत्र्या-मांजराचं पिल्लू ज्या पारदर्शक पेटीत ठेवतात, ती या हंडीचीच वारस. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, पेटीत साधारण 40 ते 50. साठच्या वर एखादा दिवस ठेवला तर ऑक्सिजनच फुप्फुसांना इजा करू लागतो. पण आत काय सोडायचं हा प्रश्न त्या मानानं सोपा. आत साचलेलं बाहेर कसं काढायचं, तिथे सगळं कसब लागतं. पेटीची देखभाल म्हणतात ती हीच.

आधी उष्णता. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि वाफेवाटे अंग निववतं. पेटीतली हवा एकदा दमट झाली की धाप फुकट जाते. मे महिन्यात इथला पारा 45 च्या घरात असतो, तेव्हा थंडाव्याची सोय नसलेली बंद पेटी म्हणजे राजापेठ चौकात उन्हात काचा चढवून उभी केलेली मोटारच. म्हणून चांगल्या पेट्यांत गार करणारी नळी असते. तिच्यावर हवेतली वाफ थेंब होऊन जमते आणि खालच्या ट्रेमध्ये उतरते. हा ट्रे रोज रिकामा करून घासला नाही, तर तिथेच जंतूंचं डबकं तयार होतं.

कार्बन डायऑक्साइड टिपायला सोडालाइम हे चुन्याचं दाणेदार मिश्रण वापरतात. दाणे पांढरे असतात. काम करून थकले की जांभळे होतात. पण रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी पुन्हा पांढरे दिसू शकतात. रंग परततो, ताकद परतत नाही! तेव्हा रंग बघायचा तो यंत्र चालू असताना, नाहीतर किती तास वापरले याची नोंद ठेवायची. वर आणखी एक खोच आहे: वायू टिपताना हे दाणे स्वतः तापतात आणि पाणी सोडतात.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती पुन्हा टाळेबंदीत गेली, त्या सुमारास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा शब्द घराघरांत पोचला. पेटीला तोच जोडता येतो. त्याच्या पोटात झिओलाइटची दोन नळकांडी असतात. दाब वाढवला की झिओलाइट नायट्रोजनला धरून ठेवतं आणि पुढे नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन जातो. दाब सोडला की नायट्रोजन सुटतो. दर काही सेकंदांनी येणारा फुस्स आवाज तो हाच. पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याचा लोभ जास्त, आणि पाणी एकदा बसलं की सहजी उठत नाही. म्हणून यंत्र महिनोन्‌महिने झाकून ठेवणं त्याला मानवत नाही. अधूनमधून चालवावं लागतं. हवा आत घेणारी स्पंजाची जाळी धुळीनं बुजली तर यंत्राचा दम कोंडतो. ती साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि पूर्ण वाळवूनच बसवायची.

ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटरच हवं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. त्यानं भांड्यांवर बसलेला क्षार पाहिलेला असतो.

आता प्रत्यक्ष धुणं. दाराच्या रबरी पट्टीची घडी बोटानं उघडून पाहा: आत केस, लाळेचा वाळलेला पापुद्रा, कधी अन्नाचा कण. जुना टूथब्रश तिथे घालायचा. कुत्र्यांच्या पार्वो विषाणूला स्पिरिटनं काही होत नाही; त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं. पण आधी साबणानं घाण काढायलाच हवी, कारण मळात ब्लीचचा जोर संपतो. आणि मांजराच्या मुतावर थेट ब्लीच ओतलं, तर त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा झोंबरा वायू निघतो. ज्या पेटीत दुखऱ्या फुप्फुसांचा जीव ठेवायचा, तिथेच! म्हणून शेवटी साध्या पाण्यानं पुसून दार उघडं ठेवून पेटी कोरडी होऊ द्यायची.

ॲक्रिलिकच्या भिंतींना तर, राजापेठेच्या बोलीत सांगायचं झालं, ‘स्पिरिट नोको लावू बाप्पा, जाळी पडते त्याले.’ खरोखरच बारीक तड्यांची जाळी पडते. शिवाय स्पिरिट पेट घेतं. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल, रबराला व्हॅसलीन, हे उपायही याच कारणानं इथे चालत नाहीत. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1 च्या यानात जमिनीवरच आग भडकली आणि तीन अंतराळवीर गेले. आत शुद्ध ऑक्सिजन होता. पेटीतला ऑक्सिजन तेवढा नसतो, पण साध्या हवेच्या दुप्पट असला तरी ठिणगी वेगळीच वागते.

राहता राहिला सेन्सर. तो म्हणजे एक छोटी बॅटरीच असते: ऑक्सिजन आत झिरपतो, शिसं झिजतं, वीज निर्माण होते. वापरा की न वापरा, एक-दोन वर्षांत तो संपतोच. त्याची परीक्षा घ्यायला काही विकत आणावं लागत नाही. उघड्या हवेत धरला की 20.9 दाखवायला हवं, भर राजापेठेत ऑटोरिक्षांच्या गर्दीतही. चिखलदऱ्याच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण तेच. तरी राजापेठेत जुळवलेला सेन्सर तिथे नेला तर तो 19 च्या आसपास दाखवेल, कारण त्याला टक्के कळत नाहीत, ऑक्सिजनचा दाब कळतो. तो तिथे पुन्हा 20.9 वर जुळवून घ्यायचा.