रेल्वेने कुडाळ, एसटीने कोकण

रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत कोकण रेल्वेच्या खिडकीत डोळे लावून बसलात, तरी समुद्र दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला याचं नवल वाटतं. डावीकडे सह्याद्रीची रांग सतत सोबत असते. उजवीकडे कातळाचे सडे, खाली भातखाचरं आणि बोगद्यांमागून बोगदे. उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरी सोडलं की पानवलचा पूल लागतो. दरीच्या तळापासून ६४ मीटर उंचीवरून गाडी जाते आणि डब्यातली बोलणी क्षणभर थांबतात. पण ज्या समुद्रासाठी आपण निघालो, तो कुठे आठ-दहा, तर कुठे तीस-चाळीस किलोमीटर लांबच राहतो.

याचं कारण जमिनीत आहे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या जेमतेम शंभर किलोमीटरच्या आत समुद्र गाठतात आणि मुखाशी त्यांच्या रुंद खाड्या होतात. किनाऱ्याने रूळ टाकायचे तर प्रत्येक खाडीवर अजस्र पूल हवा. डोंगराच्या पायथ्याला चिकटून जायचं तर सोंडा आडव्या येतात. त्यातच हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखला होता. दीडशे मीटर अंतरात एक मीटरहून जास्त चढ नको, वळणं मोठ्या त्रिज्येची हवीत, असं बंधन होतं. त्यामुळे मधली वाट धरावी लागली आणि डोंगर फोडून, दऱ्या ओलांडून ती काढली गेली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० साली स्थापन झालेल्या महामंडळाने हे काम हाती घेतलं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. कोकणी माणसाला रेल्वे मिळाली, पण स्थानकं गावांपासून दूर पडली. राजापूर रोड स्थानकापासून राजापूर शहर चांगलं पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. सावंतवाडीचं स्थानक मळगावात आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड, विजयदुर्ग या बंदरांच्या गावांना तर रेल्वे नाहीच.

बहुतेक पर्यटक स्थानकावरच गाडी भाड्याने घेतात, नाहीतर मुंबईहूनच मोटार घेऊन निघतात. माझं म्हणणं असं, की रूळ आणि किनारा यांच्यामधला हा पट्टा हेच खरं कोकण आहे आणि तो बघायला एसटीसारखं साधन नाही. हे मी स्वस्त पडतं म्हणून म्हणत नाही. कोकणातल्या घरांना चिऱ्याचे नाहीतर दगडांचे गडगे असतात. मोटारीत खाली बसलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते गडगेच दिसतात. एसटीची बैठक उंच. तिच्या खिडकीतून अंगण दिसतं, तुळशीवृंदावन दिसतं, वाळत घातलेली आमसुलं दिसतात, मांगराच्या पडवीत रचलेली लाकडं दिसतात. शिवाय शेजारी माणूस असतो. "तुमका खंय जावचा हा?" या प्रश्नाने सुरू झालेली ओळख उतरेपर्यंत घराण्याच्या देवापर्यंत पोचलेली असते.

सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातला लहान जिल्हा. १९८१ साली तो रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. एवढ्याशा जिल्ह्यात एसटीची सात आगारं आहेत: सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, मालवण, वेंगुर्ला, देवगड आणि विजयदुर्ग. यांच्या गाड्या वाडीवाडीत जातात. मात्र त्या कशा धावतात हे आधी समजून घ्यायला हवं, कारण त्यांचं वेळापत्रक पर्यटकासाठी केलेलं नाही.

गावातली पहिली गाडी बहुधा वस्तीची असते. ती आदल्या संध्याकाळी गावात मुक्कामाला जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी दूध, मासळी, कॉलेजची मुलं आणि तालुक्याला काम असलेली माणसं घेऊन निघते. दुसरी खेप शाळेच्या वेळेची, तिसरी दुपारी शाळा सुटण्याची आणि शेवटची पुन्हा वस्तीची. आठवड्याच्या बाजारादिवशी एखादी जादा. म्हणजे सकाळी तालुक्याकडे गर्दी आणि संध्याकाळी गावाकडे. पर्यटकाला नेमकं उलटं जायचं असतं, त्यामुळे त्याला जागा हमखास मिळते. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. मे महिन्यात शाळा बंद असतात, तेव्हा शालेय फेऱ्याही बंद होतात. आषाढी वारीला आगारातल्या गाड्या पंढरपूरला जातात. गणपतीत सगळा जोर मुंबईच्या चाकरमान्यांवर असतो. म्हणून एसटीने हिंडायला खरा काळ दिवाळीनंतरचा, फार तर होळीपर्यंतचा.

या गावफेऱ्या ऑनलाइन आरक्षणात शोधू नका. तिथे लांब पल्ल्याच्या गाड्या सापडतात. स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत विचारायचं आणि विचारताना ठिकाणाइतकंच 'मार्गे' महत्त्वाचं. कुडाळहून मालवणला जाणाऱ्या दोन गाड्या वेगवेगळ्या कोकणातून जातात. एक महामार्गाने कसालच्या तिठ्यापर्यंत जाऊन कट्टा गावावरून वळते. दुसरी नेरूर, नेरूरपार, धामापूर मार्गे जाते. अर्धा तास जास्त थांबावं लागलं तरी दुसरी घ्यावी.

ही दुसरी वाट मला जिल्ह्यातली सगळ्यात सुंदर वाटते. कुडाळ शहर मागे पडलं की नेरूरचे मळे लागतात. दिवाळीनंतर भात कापून झालेलं असतं आणि त्याच ओलीवर कुळीथ, चवळी पेरलेली असते. मग गाडी कर्ली नदीचा पूल ओलांडते. पाणी इथे गोडं-खारं असं मिसळलेलं, दोन्ही काठांना माड झुकलेले. पुढे झाडी दाटते, रस्ता अरुंद होतो, समोरून ट्रक आला की चालक गाडी अलगद कडेला घेतो आणि खिडकीतून फणसाची पानं आत येतात. धामापूरला उतरावं. डोंगरांच्या कुशीत जुना तलाव आहे आणि काठावर भगवतीचं देऊळ. हा तलाव सोळाव्या शतकातला. वरच्या डोंगरातलं पाणी बांध घालून अडवायचं आणि खालच्या वाड्यांच्या शेती-बागायतीला द्यायचं, अशी त्याची रचना. आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला. देवळाच्या पायऱ्यांवर बसलं की पाणी थेट समोर असतं. पुढची गाडी येईपर्यंत इथे बसण्यासारखं दुसरं काही मला सुचत नाही.

उतरताना एक गोष्ट मात्र करायचीच: वाहकाला विचारायचं, "मालवणची पुढची गाडी कधी?" कोकणातल्या वाहकाला आपल्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या पाठ असतात. थांब्याजवळचा दुकानदारही सांगतो. "धाची गेली, आता बाराची येतली," एवढ्या एका वाक्यावर दिवस आखता येतो.

खाड्या इथेही आपला हिसका दाखवतात. मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागच्या टोकाला गेलं की कर्लीच्या मुखापलीकडे भोगव्याचा किनारा अगदी समोर दिसतो. होडीने काही मिनिटांत पलीकडे जाता येतं. गाडीने जायचं तर नदीवरच्या पुलापर्यंत आत येऊन पुन्हा किनाऱ्याकडे वळावं लागतं. म्हणून सगळा किनारा एका रांगेत करायचा हट्ट सोडावा. कुडाळला मुक्काम ठेवावा आणि रोज एक फाटा धरावा. एके दिवशी मालवण, एके दिवशी परुळे-निवती, एके दिवशी वेंगुर्ला. वेंगुर्ल्याहून गाडी बदलून शिरोड्याला जाता येतं. वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिक्षक होते आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रहही याच शिरोड्यात झाला. कुडाळच्या अगदी जवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जिवंत ठेवली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या घराशीच उभारलेलं संग्रहालय बघितल्याशिवाय परत येऊ नये.

आणि जत्रा. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेत रात्री दशावतार असतो. मध्यरात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. मोठ्या जत्रांना एसटी जादा गाड्या सोडते. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला तर अखंड रीघ असते. लहान गावच्या जत्रेला मात्र संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीने जावं, देवळासमोर बसून नाटक बघावं, खाजं आणि खटखटे लाडू बांधून घ्यावेत आणि पहाटे त्याच गाडीने परतावं. एसटीचं वेळापत्रक आणि दशावताराचं वेळापत्रक असं जुळतं, की निवासाची सोय शोधायचीच गरज पडत नाही.

आता रेल्वेबद्दल थोडं. दृश्य बघायचं तर दिवसाची गाडी घ्या. मांडवी एक्सप्रेस सकाळी मुंबई सोडते आणि चिपळूण, संगमेश्वरचा भाग भर उजेडात दाखवते. वेळ वाचवायचा तर रात्रीची कोकणकन्या सकाळी कुडाळला उतरवते आणि पुढच्या गावगाड्या सापडतात. आरक्षण नसेल तर दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी आहे. ती लहान स्थानकांवरही थांबते. मार्ग बराचसा एकेरी असल्याने समोरची गाडी जाऊ देण्यासाठी थांबावं लागतं, तेव्हा पोचल्या-पोचल्या लगेचची एसटी गाठायचा बेत करू नका. पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे गाड्या हळू धावतात आणि वेगळं वेळापत्रक लागू होतं, ते बघूनच तिकीट काढा. त्या दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना रेल्वेची गरजच नाही. फोंडा किंवा आंबोलीच्या घाटातून एसटीने उतरणं हाच अर्धा प्रवास आहे.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास. सलग हिंडायचं असेल तर 'आवडेल तेथे प्रवास' या योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास काढावा. आई-आजीला घेऊन कोकण दाखवायला यापेक्षा सोपी वाट नाही. फक्त सामान कमी ठेवा, सुटे पैसे जवळ बाळगा आणि दिवसाला एकाहून जास्त मोठी ठिकाणं घेऊ नका.

एक काळजी मनात आहे, ती सांगतो. एसटीच्या भाषेत ज्याला भारमान म्हणतात, म्हणजे गाडीत प्रत्यक्ष किती प्रवासी बसतात, त्यावर फेरीचं आयुष्य ठरतं. गावातले तरुण दुचाकीवर गेले, शाळांचे पट घटले, भारमान उतरलं, की फेरी बंद होते. मग मागे राहतात म्हातारी माणसं, ज्यांना दवाखान्यात जायला दुसरं साधन नाही. बाहेरून आलेल्या चार पाहुण्यांनी काढलेलं तिकीटही त्या हिशेबात धरलं जातं. तेव्हा येत्या सुट्टीत कुडाळला उतरलात, तर रिक्षावाल्याला फक्त एसटी स्टँडपर्यंत सोडायला सांगा. चौकशीच्या खिडकीत निवतीची गाडी कधी आहे ते विचारा आणि तिकीट काढून बसा.