राखेखालच्या वावराचा भाव कोणत्या तारखेचा?

केळझरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. त्यांची लेक कोराडीकडे दिलेली. जुलै २०२२ मध्ये तिथल्या औष्णिक वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि त्या भागातल्या वावरांत राखेचं पाणी शिरलं. ते विचारतात, ‘आमच्या सेलू तालुक्यात समृद्धी महामार्गाला जमिनी दिल्या, त्यांना पाचपटीपर्यंत भाव मिळाला. मग राखेखालच्या जमिनीला तोच हिशेब का नाही?’

कारण महामार्गासाठी जमीन घेतली जाते. राख पडते तेव्हा जमीन कोणी घेत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २६ सांगतं, की जवळच्या गावातल्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं काढा, त्यांतली चढ्या भावाची निम्मी घ्या आणि सरासरी काढा. रेडीरेकनर त्याहून जास्त असेल तर तो धरा. हे गणित इथे लावलं तर शेतकरी दुसऱ्यांदा बुडतो. राख पडलेल्या शिवारात गिऱ्हाईकच फिरकत नाही. एखादा नडलेला माणूस मिळेल त्या भावात विकतो आणि तेच खरेदीखत उद्या शेजाऱ्याच्या विरोधात पुरावा होतं. ज्यानं भाव पाडला, त्यानंच पडलेल्या भावाकडे बोट दाखवायचं!

मला हे अजिबात मान्य नाही. इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्यातही, ज्या कामासाठी जमीन घेतली त्या कामामुळे वाढणारा भाव शेतकऱ्याला मोजून द्यायचा नाही, असं कलम २४ मध्ये होतं. वाढ धरायची नाही, तर पडझड तरी का धरायची? पहिली राख पडली त्याच्या आदल्या दिवसाचा भाव हाच पाया धरला पाहिजे.

पण भाव म्हणजे सगळं नव्हे. जमीन सुधारण्याजोगी असेल तर सफाईचा खर्च आणि तोवर बुडालेली पिकं मोजायची. कायमची गेली असेल तर आधीचा पूर्ण भाव. राजस्थानातल्या बिछडी गावच्या रासायनिक प्रदूषणाच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सफाईचा खर्च प्रदूषकांवरच टाकला. त्या गावाची पाहणी आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं केली होती. मात्र कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या. २०११ मध्ये न्यायालयाला ३७.३८५ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरा, असं पुन्हा बजावावं लागलं.

आणि ठेक्यानं वावर करणारा? निंदणाची मजुरी बुडालेली बाई? खरेदीखतात त्यांचं नावच नसतं. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात मात्र जमिनीच्या हानीबरोबर बुडालेल्या रोजगाराचीही भरपाई मागता येते.

तेव्हा केळझरकर, लेकीला सांगा: राखेआधीच्या वर्षांचा सातबाऱ्यावरचा पेरा, बाजार समितीच्या पावत्या आणि आधीची खरेदीखतं आत्ताच गोळा करा. न्यायाधिकरणाकडच्या भरपाईच्या अर्जाला कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. जुलै २०२२ पासून मोजली तर ती जुलै २०२७ ला संपते.